लेक: नर जमून गातात ती जागा, आणि मादीच्या तोंडावर ओरडणारा पांढरा पक्षी

आडवाटेचा:
आठवडाभर एकच ध्वनिमुद्रण कानात घालून फिरतोय. आता ते तुमच्या गळ्यात मारतो.

पक्षी आहे व्हाइट बेलबर्ड. अ‍ॅमेझॉनच्या उत्तरेकडच्या डोंगराळ जंगलात राहतो. नर पांढराशुभ्र, वजन पाव किलोच्या आसपास, चोचीवरून कातडीचा एक लांब दोरा लोंबतो. मादी हिरवट, अंगावर रेघा, पानांत बसली तर शोधून सापडायची नाही. जेफ पोडोस आणि मारिओ कोन-हाफ्ट या पक्षी-अभ्यासकांनी उत्तर ब्राझीलच्या डोंगरात जाऊन नराचा आवाज मोजला आणि २०१९ मध्ये आकडा छापला: एक मीटरवर १२५ डेसिबल. तोवर मोजलेल्या पक्ष्यांत सगळ्यात मोठा. त्याआधी हा मान स्क्रीमिंग पिहा नावाच्या पक्ष्याकडे होता. त्याचे ११६.

इथवर ठीक. उंच झाडाचा शेंडा, खाली गच्च रान, मादी कुठेतरी लांब, म्हणजे ओरडणं आलंच. पण या दोघांनी जे पाहिलं ते असं. मादी नराच्याच फांदीवर येऊन बसते, अगदी जवळ. तो तिच्याकडे पाठ करून पहिला सूर लावतो. मग पाय फाकवून, तो दोरा भिरकावत गर्रकन वळतो आणि दुसरा सूर ती होती तिथे, पूर्ण ताकदीनं सोडतो. 'होती' म्हणतोय, कारण तोवर ती चारेक मीटर मागे सटकलेली असते. तिला हा प्रयोग पाठ असतो.

माझा प्रश्न साधा आहे. गिऱ्हाईक दुकानात येऊन समोर बसलंय, तरी हा भोंगा का लावतो?

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी: काही जातींचे नर दरवर्षी ठरलेल्या जागी जमतात. प्रत्येकाची फांदी किंवा जमिनीचा तुकडा ठरलेला. तिथे ते गातात, नाचतात. माद्या येतात, ऐकतात, बघतात, एखाद्याशी जुगतात आणि जातात. घरटं, अंडी, पिल्लं, सगळं ती एकटी निभावते. नराकडून घर नाही, चारा नाही, राखण नाही. अशा जागेला 'लेक' म्हणतात. शब्द स्वीडिश आहे, अर्थ 'खेळ'.

गोगलगाय:
शीर्षकात लेक वाचून आले. वाटलं कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा धागा. इथे तर सगळी मुलाकडचीच मंडळी गात बसलीयेत.
वाचतेय. पुढे लिहा.

शंकासुर:
कोणीतरी आता जेट विमानाची उपमा देणार, त्याआधी दोन गोष्टी.

एक, १२५ हा आकडा एक मीटरवरचा आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या हवेत साधारण ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे मादी चार मीटर मागे गेली तर तिच्या कानाशी ११३ च्या आसपास. तेही कमी नाही, पण १२५ नाही. आणि हे मोजमाप लॉगवर चालतं. पिहापेक्षा ९ डेसिबल जास्त म्हणजे ऊर्जा जवळपास आठपट. 'थोडासाच मोठा' असं कोणी समजू नये.

दोन, बेलबर्ड एकेकटे शेंड्यावर बसतात ना? मग जमाव कुठे आहे? याला लेक म्हणायचं कशाच्या आधारावर?

आडवाटेचा:
दुसरा मुद्दा रास्त आहे. लेक घट्ट असतो तसा सैलही असतो. मॅनाकिन नावाच्या चिमण्या पक्ष्यांचे नर काही पावलांच्या अंतरावर बसतात. कॉक-ऑफ-द-रॉक तर एकाच झाडोऱ्यात शेजारी शेजारी गलका करतात, पेरूमधल्या त्या पक्ष्यांचा पहाटेचा आवाज ऐकलात तर डुकरांचा कळप वाटेल. बेलबर्डचे नर मात्र पांगून बसतात. दिसत नाहीत, पण एकमेकांना ऐकू येतात. मादीला एका फेरीत चार गळे तपासता येतात, एवढं पुरतं. याला विखुरलेला लेक म्हणतात. अंतर मोजायचं ते आपल्या नजरेनं नाही, त्यांच्या कानानं.

मंद्रसप्तक:
मी गाणारी आहे, पक्ष्यांतलं फार कळत नाही. पण तुम्ही दिलेलं ध्वनिमुद्रण पाचसात वेळा ऐकलं. पहिला सूर आणि दुसरा सूर यांत जोराचा फरक कळतो, पण मला जास्त लागलं ते दुसऱ्याचं आखूडपण. 'टँऽ' म्हणेपर्यंत संपतो. घंटेचा टोला म्हणू तर घंटेला मागे गुंजन राहतं, इथे काहीच नाही. कापल्यासारखा. जोर लावला की दम पुरत नाही, तसं काही आहे का हे?

निशाचर:
मंद्रसप्तक, नेमकं तेच त्यांच्या मोजणीत निघालं. आवाज जितका मोठा तितका आखूड. श्वासाचा साठा तेवढाच, तो एकदम उडवा किंवा पुरवून वापरा. कोन-हाफ्ट यांना या पक्ष्याच्या पोटाचे स्नायू विलक्षण जाड दिसले होते, मोजणीची कल्पना तिथूनच सुरू झाली. म्हणजे हा गळ्याइतकाच पोटाचा खेळ आहे.

आणि यातच आडवाटेच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं. लांबून आवाज ऐकताना मधली पानं, वारा, अंतर सगळं त्यात मिसळतं. जवळचा किडमिडीत नर आणि लांबचा दांडगा नर, दोघेही सारखेच ऐकू येतील. खरी ताकद जोखायची तर अंतर माहीत पाहिजे, म्हणजे जवळ जाऊनच ऐकलं पाहिजे. पहिला सूर लांबच्यांसाठी, दुसरा परीक्षकासाठी. ती कान सांभाळून मागे सरते, पण निघून जात नाही, हे लक्षात घ्या.

शंकासुर:
'पहिला लांबच्यांसाठी, दुसरा परीक्षकासाठी' हे तुमचं अनुमान. पक्ष्यानं लेखी दिलेलं नाही.

निशाचर:
मान्य. म्हणून 'मला वाटतं' लिहिलंय. :)

मग जिथे अनुमानाऐवजी वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत तिथे जाऊ. कोस्टा रिकात माँटेव्हर्दे म्हणून जागा आहे. तिथे डेव्हिड मॅक्डॉनल्ड यांनी लाँग-टेल्ड मॅनाकिनचा पिच्छा पुरवला. नर काळा, पाठ आकाशी, डोक्यावर लाल टोपी, शेपटीतून दोन लांब पिसं. यांच्यात दोन नर मिळून गातात. एक मुख्य, त्याला अल्फा म्हणतात, दुसरा त्याचा जोडीदार, बेटा. दोघं फांदीवर शेजारी बसून एकाच वेळी हाक देतात, 'तो-ले-दो'. तिथली माणसं या पक्ष्याला तोलेदोच म्हणतात. दिवसात अशा शेकडो हाका. मादी आली की दोघं खालच्या नाचाच्या फांदीवर उतरतात आणि तिच्यासमोर आळीपाळीनं एकमेकांवरून उड्या मारतात. एक हवेत, दुसरा सरकून त्याच्या जागी, परत पहिला. रहाटाचे पोहरे डोळ्यांसमोर आणा. शेवटी अल्फा एक तीक्ष्ण आवाज काढतो, की बेटा निघून जातो. बाकी सगळं अल्फाचं.

बेटाला त्या हंगामात जवळजवळ काहीच मिळत नाही.

मंद्रसप्तक:
थांबा थांबा. दोघं एकाच वेळी म्हणजे एकाच सुरात?

निशाचर:
तेच सांगणार होतो. जिल ट्रेनर आणि मॅक्डॉनल्ड यांनी १९९५ मध्ये हेच मोजलं. दोघांच्या आवाजाची कंप्रता जितकी जुळते, तितक्या माद्या जास्त येतात. आणि जुळणं जन्मजात नाही. कोवळ्या जोड्या बेसूर असतात, वर्षं जातात तशा जुळत जातात.

मंद्रसप्तक:
आत्ता एक उद्योग करून बघितला. तोलेदोचं मुद्रण चौपट संथ केलं आणि स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर टाकलं. नेहमीच्या गतीला एकच पक्षी वाटतो, थोडा जाड आवाजाचा. संथ केल्यावर दोन रेघा दिसतात, एकमेकींना चिकटलेल्या, एक केसभर मागून. मागची रेघ पुढचीचा आकार तंतोतंत गिरवते, 'ले'वरची चढण आणि 'दो'वरची उतरणसुद्धा. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना शेवटच्या क्षणी दोन्हींमधली लाट मावळते आणि एकच तार वाजतेय असं वाटतं, तो क्षण आठवला.

दुसरं, गुरूच्या मागे बसून साथ करणं काय असतं ते मी केलंय. आपला आवाज वर येऊ द्यायचा नाही, पण कमीही पडू द्यायचा नाही. तो बेटा काय करतो ते मला तुमच्यापेक्षा चांगलं कळलंय, एवढंच म्हणते.

शंकासुर:
भावना पोचल्या. पण शिष्याला विद्या मिळते, बिदागी मिळते. या बेटाला काय मिळतं? निसर्गात फुकट कोणी राबत नाही. भाऊ असणार ते. भावाची पिल्लं म्हणजे अर्धी आपलीच.

निशाचर:
सगळ्यांना तसंच वाटलं होतं. मॅक्डॉनल्ड आणि पॉट्स यांनी जनुकं तपासून १९९४ मध्ये सांगितलं, नात्यातले नसतात. परके असतात.

फायदा आहे, पण उधारीचा. पूर्ण रंगीत पिसारा यायला चारपाच वर्षं. तोवर उमेदवारी, कधी या जागी कधी त्या जागी, मोठ्यांच्या भोवती घुटमळत. मग बेटा. अल्फा व्हायला आठदहा वर्षं सहज जातात, आणि तीही अल्फा मेला किंवा नाहीसा झाला तर. तेव्हा ती जागा बेटाला मिळते. जागेसोबत गिऱ्हाईकही मिळतं, कारण माद्या पुढच्या वर्षी त्याच जागी परततात. आज जितकं सुरात गाल तितक्या माद्यांना ही जागा माहीत होणार. बेटा अल्फाची साथ करत नाही, स्वतःच्या म्हातारपणाची सोय करतो.

बऱ्याच बेटांचा नंबर लागतच नाही, हेही खरं.

अजून एक बारीक गोष्ट त्यांच्या १९८९ च्या नोंदींत आहे. माद्या किती येतात हे 'तोलेदो' किती वेळा झालं त्यावर ठरतं. पण आलेल्या माद्यांतल्या किती जुगतात हे गाण्यावर नाही, नाचावर ठरतं. गाणं दारापर्यंत आणतं. पुढचं काम पायांचं.

गोगलगाय:
आठदहा वर्षं दुसऱ्याच्या लग्नात सनई वाजवायची, आणि तो गचकला तर आपलं लग्न. अरे देवा.

खिडकीबाहेर:
नवीन सदस्य आहे, चुकलं तर सांगा. हे सगळं म्हणजे स्वयंवरच झालं की. शिवाय सगळ्या माद्यांनी एकाच नराला पसंती दिली तर दोनचार पिढ्यांत सगळे नर सारखेच होतील. मग निवडायला उरलं काय?

आडवाटेचा:
स्वागत. पहिल्याच प्रतिसादात मर्मावर बोट ठेवलंत. यालाच 'लेक पॅराडॉक्स' म्हणतात, आणि अभ्यासकांनी यावर डोकं फोडून घेतलंय.

स्वयंवर मात्र म्हणू नका. स्वयंवरात माळ घातली की संसार सुरू होतो, इथे माळ घातली की संपतो.

निशाचर:
थोडक्यात उत्तर: मोठा आवाज, तासन्‌तास गाणं, सूर जुळवणं या गोष्टी एकदोन जनुकांच्या हाती नाहीत. अंगात ताकद असेल तर जमतात. ताकद म्हणजे अन्न शोधणं, रोग झेलणं, परजीवींना तोंड देणं, शेकडो जनुकांची बेरीज. इतक्या जनुकांत कुठे ना कुठे सतत नव्या चुका होत राहतात, त्यामुळे फरक संपत नाही. मादीला आवाज ऐकायचा नसतोच, आवाजामागची तब्येत ऐकायची असते.

शंकासुर:
आणि हरणारे नर तिथे जमतात तरी का? एकच जण सगळं नेणार हे दिसतंय, तर वेगळं दुकान टाकावं.

निशाचर:
वेगळ्या दुकानात कोणी येत नाही म्हणून. एक मत असं की माद्यांच्या येण्याजाण्याच्या वाटा जिथे मिळतात तिथे नर जमतात. दुसरं, की एका गाजलेल्या नराभोवती बाकीचे घोटाळतात, त्याच्याकडे निघालेली एखादी आपल्या हाती लागेल म्हणून. जातीजातीत प्रमाण वेगळं. कपुचिनबर्डच्या लेकवर साधारण एकच नर सगळं लुटतो. गयाना, सुरीनामकडचा पक्षी, बोडकं निळसर डोकं, आणि आवाज वासरू हंबरल्यासारखा. ऐकाच.

आडवाटेचा:
हंबरण्यावरून आठवलं, गळ्याला बगल देऊन गाणारा एक आहे तो राहू नये. क्लब-विंग्ड मॅनाकिन, इक्वेडोर-कोलंबियात अँडीजच्या पश्चिम उतारावर. नर पुढे झुकतो, दोन्ही पंख पाठीमागे वर उभे करतो आणि एक खणखणीत 'टिंगऽऽ' येतं, व्हायोलिनची तार छेडल्यासारखं. चोच मिटलेली.

डार्विननं १८७१ मध्येच या पक्ष्याची विचित्र जाडजूड पिसं नमूद केली होती, पण ती वाजतात कशी हे उलगडायला २००५ उजाडलं. किंबर्ली बॉस्टविक आणि रिचर्ड प्रम यांनी अतिवेगवान कॅमेरा लावला. पंखातल्या एका पिसाच्या दांड्यावर सात खाचा-उंचवटे आहेत, करवतीसारखे. शेजारच्या पिसाचं टोक वाकडं, ते या करवतीवरून घासतं. जाताना सात, येताना सात, चौदा. पंख एकमेकांवर आपटतात सेकंदाला १०७ वेळा. आता गुणाकार करा: १४९८. आणि निघणारा सूर? साधारण १५०० हर्ट्झचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद घेऊन पुन्हा गुणून बघितलं होतं.

एवढी थरथर पेलायची म्हणून पंखातलं अल्ना हाड भरीव झालंय. उडणाऱ्या पक्ष्यानं हाड पोकळ ठेवायचं सोडून भरीव करायचं, तेही एका सुरासाठी.

शंकासुर:
१०७ गुणिले १४. हे मात्र आवडलं. यावर माझी शंका नाही.

पण एक सांगा, इतकं सगळं प्रामाणिकच चाललंय का? जिथे परीक्षा तिथे कॉपी असतेच.

निशाचर:
आहे ना. आणि तो कॉपीबहाद्दर कोण, तर मोर.

मोरही लेक भरवतात, नर जवळ जवळ जागा धरून पिसारा फुलवतात आणि लांडोरी फिरून बघतात. केकारव सगळ्यांना माहीत आहे, पण मोराचा आणखी एक आवाज आहे. जुगण्यासाठी लांडोरीवर झडप घालताना तो एक मोठा हूंकार काढतो. लांबवर ऐकू जातो. ऐकणाऱ्याला अर्थ एकच: तिकडे एकीनं पसंती दिली. रोझलिन डेकिन आणि रॉबर्ट माँटगॉमरी यांनी २०१४ मध्ये दाखवलं की यातले जवळपास एकतृतीयांश हूंकार खोटे असतात. आसपास लांडोर नसताना मोर तो आवाज काढतो. आणि ते ऐकून लांडोरी येतात.

गोगलगाय:
:हहपुवा: 'हाऊसफुल्ल'चा फलक लावायचा आणि आत एक माणूस नाही.

खिडकीबाहेर:
मग लांडोरी शहाण्या का होत नाहीत?

निशाचर:
कारण दोनतृतीयांश वेळा तो खरं बोलतो. हूंकाराकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं तर खरे मोरही हातचे जातात. येऊन बघण्याचा खर्च थोडा, न बघण्याचा जास्त. खोटं नाणं खऱ्या नाण्यांत मिसळलेलं असेल तोवरच चालतं.

मंद्रसप्तक:
एक प्रश्न राहिलाय. ही गाणी शिकतात की जन्मतः येतात? तोलेदोची जोडी जुळायला वर्षं लागतात म्हणालात म्हणून विचारते.

आडवाटेचा:
यावर बेलबर्डकडेच परत यावं लागेल, आणि मला वाटतं या धाग्यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

जुना समज असा की आवाज शिकणाऱ्या पक्ष्यांचे तीनच गट: गाणारे पक्षी (म्हणजे बुलबुल, दयाळ यांची शाखा), पोपट आणि हमिंगबर्ड. हमिंगबर्डमधले हर्मिट लेकवरच गातात, आणि एकाच लेकवर शेजारच्या नरांची एक टोळी एक चाल गाते, पलीकडची टोळी दुसरी. बेलबर्ड, मॅनाकिन ज्या शाखेत येतात ती मात्र शिकत नाही, आवाज उपजत, असं धरून चालले होते. डोनाल्ड क्रूड्समा यांनी मध्य अमेरिकेतल्या थ्री-वॅटल्ड बेलबर्डचा छडा लावला. त्यांच्यात प्रांतोप्रांतीच्या बोली निघाल्या. दोन बोली बोलणारे नरही सापडले. कोवळे नर बरीच वर्षं चाचपडत गातात, तेव्हा कुठे चाल बसते. आणि १९७० च्या दशकातली मुद्रणं पुढच्यांशी ताडून पाहिली तर शिट्टीचा सूर वर्षागणिक खाली उतरत गेलाय.

मंद्रसप्तक:
म्हणजे पट्टी उतरली? वय झालं की गायकाची उतरते. इथे सगळ्या घराण्याचीच?

आडवाटेचा:
सगळ्या घराण्याची. म्हातारे, मधले, नवे, सगळ्यांची बरोबरच. मोठे नरसुद्धा दर वर्षी शेजाऱ्यांचं ऐकून आपला सूर नव्यानं लावतात. मागे राहिला तो जुनाट ठरतो.

शंकासुर:
पण मग हे शिकणं आहे की नुसता एकत्रित बदल? हवामान, उंची, अंगाचा आकार, काहीही कारण असू शकतं.

आडवाटेचा:
रास्त. म्हणून याच कुळातला एक पिंजऱ्यातला साक्षीदार महत्त्वाचा. ब्राझीलमध्ये बेअर-थ्रोटेड बेलबर्डचा एक नर चोपी ब्लॅकबर्ड नावाच्या पक्ष्यांसोबत वाढला. मोठा झाल्यावर घंटेसारखा टोला द्यायचा सोडून तो चोपीची चाल गाऊ लागला, बेलबर्डच्या आवाजात.

शंकासुर:
बरं. मागे घेतो.

गोगलगाय:
कपुचिनबर्ड लावला होता आत्ता, आवाज पूर्ण मोठा करून. आतल्या खोलीतून सासूबाई: "कपाट कशाला सरकवतेस गं एवढ्या रात्री?"